आप्पांच्या बरणीतली चिंच

आदरणीय शिवलिंगआप्पा यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती तुरीच्या डाळीवर. मी लग्न होऊन माळावरच्या वस्तीत नवीन आले होते. आप्पांचं गावात किराणा दुकान. दुकानामागच्या पडवीत आम्ही चार बायका डाळ-तांदूळ निवडायला बसायचो. तिसऱ्या दिवशी मी मूठभर डाळ पदराच्या गाठीत बांधली. घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती, म्हणून बांधली. निघताना आप्पांनी हाक मारली. मला वाटलं, संपलं.

आप्पा म्हणाले, "कमळे, गाठ सैल हाय. वाटंत सांडंल. ह्यात बांध." आणि रद्दीचा कागद पुढं केला.

दुसऱ्या दिवसापासून आम्हा चौघींना घरी जाताना डाळीची एकेक पुडी मिळायला लागली. अजून मिळते. डाळीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती आणि आप्पांनीही नाही. आज लिहिते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आप्पांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या पुस्तकासाठी गौरव समितीचे गुरुजी घरी आले आणि म्हणाले, "कमळाबाई, असं लिहा की, आप्पांनी गरिबांना धान्य दिलं म्हणून गावातल्या चोऱ्या थांबल्या. गरिबी हेच गुन्ह्याचं मूळ, ते आप्पांनी उपटलं."

मी चौथी शिकलेली बाई, पण हे लिहिणार नाही. एक तर चोऱ्या थांबलेल्या नाहीत. दुसरं, असं छापून आलं आणि उद्या गावात काही गेलं, तर लोक मूळ शोधायला कुठं येतील? माळावर. आमच्या दारात. गुरुजींना शाबासकी मिळेल आणि काठ्या आम्हाला.

आप्पांच्या दुकानात त्यांच्या वडिलांचा पितळी तराजू होता. पारड्यावर वडिलांचं नाव कोरलेलं. काटा आधी गिऱ्हाइकानं बघायचा, मग आप्पांनी, अशी त्यांची शिस्त. माझ्या मुलीचं नाव शाळेत घालताना दाखला मिळेना, तेव्हा आप्पा दुकान बंद करून माझ्याबरोबर चार वेळा तालुक्याला आले. असं पुष्कळ आहे. ते बाकीचे लिहितील. मला एकाच दिवसाचं लिहायचं आहे.

बारा वर्षं झाली असतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या दुकानाचं कुलूप तुटलेलं दिसलं. तेलाचे डबे गेले होते आणि तो तराजू गेला होता. आमच्या भागात एक जुनी रीत आहे. संशय असेल त्यांना भगतानं मंतरलेले कोरडे तांदूळ चावायला देतात आणि थुंकायला लावतात. ज्याचे कोरडे निघतील, तो चोर. गावानं ठरवलं, तांदूळ चारायचे. कुणाला, हे विचारावंच लागलं नाही. गावातल्या एकाही घरातून माणूस रांगेत आला नाही. आम्हा माळावरच्यांना मात्र देवळापुढं उभं केलं, बाया, म्हातारे, सगळे.

आणि हे मला लिहिलंच पाहिजे, आप्पांना राग आला तरी. ते तांदूळ आप्पांनीच दिले होते. वडिलांचा तराजू गेला म्हणून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. चूक त्यांची होती.

माझी पाळी आली. चोरी मी केली नव्हती, पण मला ती मूठभर डाळ आठवत होती. आप्पा समोरच बसलेले. जीभ टाळूला चिकटली. तांदूळ चावले, थुंकले, तर नुसतं पीठ.

"हीच!" बाबूराव भगत ओरडले. "रोज दुकानात बसती. घरभेदी हाय!"

कुणीतरी माझा हात पिरगाळला. कुणीतरी दोर आणायला पळालं. आप्पा तेव्हा एवढं एकच वाक्य बोलले असते, "हिनं मागं डाळ नेलती," तर मी त्या दिवशी घरी गेले नसते.

आप्पा उठले. ताटातले चिमूटभर तांदूळ तोंडात टाकले, चावले, तळहातावर थुंकले आणि हात सगळ्यांपुढून फिरवला.

"बघा. माझे बी कोरडे. म्या फोडलं का माझं दुकान?"

"आप्पा, तुमी कावून खाल्ले?" बाबूराव गोंधळले.

"तुमच्या काठ्या बघून माझी बी जीभ वाळली. चोरीनं न्हाई, भ्यानं वाळतं तोंड. आन् हिला भ्या आपण घातलंय, म्या बी घातलंय. घ्या, आता तुमी खा. तुमच्यापासनं सुरू करू."

ताटाकडं एकही हात गेला नाही. एकाला तेवढ्यात आठवलं की म्हशीचं रेडकू सुटलंय. अर्ध्या घटकेत देऊळ रिकामं.

दिवाळीनंतर तो तराजू आष्टीच्या बाजारात सापडला. नावावरून ओळखला. विकणारा आमच्याच गावचा, दोन ट्रॅक्टर आणि वर माडी असलेल्या घरातला बाप्या. नाव लिहीत नाही. मला भीती वाटते, आणि त्या घरची माणसं सत्काराला पुढच्या रांगेत असतील. त्यांना कुणी तांदूळ चारले नाहीत. लोक म्हणाले, संगत वाईट लागली. आमच्यातल्या कुणी काही केलं की जातच तशी, त्यांनी केलं की संगत.

तेव्हा गुरुजी, मला माहीत आहे ते एवढंच. मूठभर डाळ मी भुकेनं नेली, खरं आहे. पण ते कुलूप भुकेनं तोडलेलं नव्हतं. दोन्हीला एकच नाव देऊ नका.

त्या दिवसापासून आमच्या वस्तीत एक सवय पडली आहे. गावात काही चोरीला गेल्याचं कानावर आलं की बाया आधी चिंच आणायला धावतात. जिभेखाली चिंच धरली की तोंड ओलं राहतं. आप्पांनी कधी विचारलं नाही. पण सकाळीच चार बाया चिंच मागायला आल्या, की ते बरणीतून चिंच देतात, दुकान बंद करतात आणि गावातून वस्तीकडं येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर येऊन बसतात.

मागच्या महिन्यात विहिरींवरच्या मोटारी गेल्या. मी चिंच आणून सगळ्यांना वाटली. आप्पा गुडघे धरत धरत आले. प्लॅस्टिकची खुर्ची टाकून भर उन्हात वळणावर बसले. थोड्या वेळानं जीप आली. आत सहा-सात जण, सगळे नव्या दमाचे, मी त्यातल्या कुणाला ओळखत नव्हते.

"आप्पा, उन्हात काय करायलात?"

"चिंच वाळवायलोय," आप्पा म्हणाले. "तुमाला हितं काय काम हाय?"

जीप बराच वेळ तशीच गुरगुरत उभी राहिली. मग वळली. पुन्हा येणारच नाही, असं मला काही वाटलं नाही. मी पाणी घेऊन गेले. आप्पांनी घोटभर पिऊन तांब्या परत दिला.

"कमळे, पाण्यानं न्हाई भागायचं," ते म्हणाले. "जीभ वाळलीय."

मी पदराची गाठ सोडली आणि त्यांना चिंच दिली.

आप्पांना उदंड आयुष्य आणि धड गुडघे मिळोत, हे मी प्रेमानं मागते, पण त्याहून जास्त भीतीनं मागते. हे पुस्तक वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या वळणावर खुर्ची टाकून बसायला शिकेपर्यंत तरी, आप्पा, तुम्ही आम्हाला हवे आहात. आणि आमच्या बाया तुमच्या दुकानात चिंच मागायला येवोत ती फक्त आमटीसाठी.