पाण्याकाठच्या चपला

बाबा गेले आणि आईने देवपूजा सोडली. घरातले देव तिने चिंच लावून लखलखीत घासले, लाल फडक्यात गुंडाळले आणि कपाटात ठेवून दिले. अंबाबाईला हळदकुंकू वाहिल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी बाई ही! मला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. कसला उतरतोय! शेवटी मी तिला पुण्याहून जपानात इचिकावाला माझ्याकडे घेऊन आले, तर इथेही तेच. बस म्हटलं की जेवायला बसायची, दोन घास खाऊन उठायची. एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आता माझं काय राहिलंय गं इथं?" तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑफिसातून सारखी फोन करायचे, आणि तिने उचलला नाही की उचलेपर्यंत लावत राहायचे. देवावर माझाही विश्वास उरला नव्हता, पण आईसारखं त्याच्यावर रुसायलाही मला फुरसत नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीत नवरा म्हणाला, "दोघीच जा समुद्रावर कुठेतरी." म्हणून आम्ही ताकामात्सुला गेलो. शहर छान आहे, बंदरातून आसपासच्या बेटांवर बोटी सुटतात. पण खरं सांगते, मला क्षणभर चैन नव्हती. आई बोटीच्या कठड्याशी गेली की मी मागून तिचा पदर धरायचे. "अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" ती वैतागून म्हणाली. दुसऱ्या दिवशी एका लहानशा बेटावर उतरलो. तिथे माणसं कमी, मांजरंच जास्त. संध्याकाळ व्हायला आली तसं आईला धक्क्यावरच्या बाकावर बसवून मी शेवटच्या बोटीची वेळ बघायला तिकीटघरात गेले. तेवढ्यात ऑफिसमधून मोरी-सानांचा फोन आला. बोलून बाहेर येते तो बाक रिकामा. आईची पर्स तिथेच होती आणि फोन पर्समध्ये.

मी आधी गल्लीबोळात शोधलं. मग किनाऱ्याच्या रस्त्याने "आई, आई" करत पळत सुटले. मागे बोटीचा भोंगा झाला आणि बोट गेलीसुद्धा. रस्ता संपतो तिथे पाण्यालगत एका देवळाची दगडी कमान होती. जपानी लोक तिला तोरी म्हणतात. त्या कमानीखाली आईच्या चपला होत्या. एकमेकींना चिकटून, नीट ठेवलेल्या, समुद्राकडे तोंड करून. शेजारी कुणाची तरी भाजीची पिशवी पडलेली, त्यातले कांदे घरंगळलेले.

जपानात पाण्याकाठी अशी जोडी काढून ठेवलेली दिसली की लोक एकच समजतात, कोणीतरी जीव द्यायला गेलं. मीही तेच समजले. इतकी वर्षं इथे राहून मी आईच्या चपला अगदी जपानी डोळ्यांनी वाचल्या. तिथेच वाळूत बसले आणि तोंडातून निघालं, "अंबाबाई, मला काही जमत नाहीये. आता तूच बघ." किती वर्षांनी तिला हाक मारली होती कोण जाणे.

तेवढ्यात खडकांपलीकडून आवाज आला. कोणीतरी जपानीत "धीर धरा, धीर धरा" म्हणत होतं आणि मधूनच आईचा आवाज, "अहो, तुम्ही पडाल ना बाई!" मी धावले. खडकामागे, भरतीच्या पाण्यात गुडघाभर उभी राहून एक जपानी आजी माझ्या आईला दोन्ही हातांनी घट्ट कवटाळून होती. आईचा पाय मुरगळला होता. पाण्यालगतच्या खडकांवरून टेकाडावरच्या छोट्या देवळाकडे ती अनवाणी निघाली, शेवाळावरून घसरली आणि खाली अडकली. तिच्या हाका लाटांमुळे कुणालाच ऐकू गेल्या नव्हत्या. पाणी चढत होतं.

आम्ही दोघींनी तिला वर आणलं. बोट गेलीच होती, तेव्हा आजी आम्हाला आपल्या घरी घेऊन गेल्या. आईच्या पायाला पट्टी बांधताना त्या म्हणाल्या, "चपला दिसल्या आणि मी पिशवी टाकून पळाले. माझ्या बहिणीच्या वेळी मला पोहोचायला उशीर झाला होता." मी ते मराठीत सांगितलं तेव्हा आईने आजींचा हात हातात घेतला. नंतर बराच वेळ एक मराठीत आणि एक जपानीत बोलत होत्या. मी मध्ये पडले नाही.

इथे कमानीशी कोणीच चपला काढत नाही. आईने काढल्या नसत्या तर आजी घरी निघून गेल्या असत्या. ही कृपा की योगायोग, मला ठरवता येत नाही आणि ठरवायचंही नाही. आजींचे पाय धरले, एवढंच मला सुचलं.

अंथरुणं घालताना मी आईला विचारलं, "तू तर देवाचं नाव टाकलं होतंस. मग देवळात कशाला निघालीस?"

"भांडायला," ती म्हणाली. "ह्यांना का नेलंस म्हणून विचारायचं होतं."

"मग चपला कशाला काढल्यास?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, भांडायचं असलं म्हणून काय झालं? देवाच्या दारात चपला घालून जायचं?"

मी खूप रडले. मग मनात अंबाबाईला म्हटलं, हिचं आणि तुझं चाललंय ना बोलणं, मग मी आपली बाजूला होते. आणि कित्येक महिन्यांनी, आईचा हात न धरता, तिच्या शेजारी गाढ झोपले.