थुंकण्याला सहा सामने

"सहा सामने!" आमचे जनरल मॅनेजर मिस्टर लिम यांनी लीगच्या शिस्तपालन समितीचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. "त्याचा कॉन्ट्रॅक्ट या सीझनला संपतो. सहा सामने बाहेर बसला तर पुढचा कोण देणार? यू सेटल, लाह."

तो म्हणजे हाफिझ, आमचा लेफ्ट बॅक. आणि सेटल करणारा, म्हणजे निस्तरणारा, मी. पुण्याहून सॉफ्टवेअरसाठी सिंगापूरला आलो आणि एका फुटबॉल क्लबच्या ऑफिसात रमलो. कोणाला किती पिवळी कार्डं, कोण कधी निलंबित, सुनावणीला कोणते कागद, हे सगळं माझ्याकडे.

नियम सोपा आहे. प्रतिस्पर्ध्याला लाथ मारली तर आमच्याकडे साधारण तीन सामन्यांची बंदी. त्याच्यावर थुंकलं तर किमान सहा. लाथेबाबत निदान बॉलला मारत होतो असं म्हणता येतं. थुंकीला तशी सबब नाही.

रेफ्रीच्या रिपोर्टप्रमाणे हाफिझ समोरच्या विंगरवर थुंकला होता. हाफिझला फोन केला तर तो ट्रेनिंगच्या घाईत.

"त्याच्यावर नाही, सर. तोंडात पाणी होतं. फास्टिंग मंथ, ना?"

एवढं मला पुरलं. सामना संध्याकाळी सहाला सुरू झालेला; इथे सूर्य सातनंतर मावळतो, त्यामुळे ऊन अजून होतं. मी झोकात निवेदन लिहिलं: उपवासामुळे खेळाडू थकला होता, तो पाणी प्यायला आणि उरलेलं त्याने थुंकून टाकलं. मिस्टर लिमनी न वाचता सही ठोकली.

आमच्या घरी उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, केळी, दोन वेळा जास्तीचा चहा. चतुर्थीला मी एरवीपेक्षा जास्तच खातो. रोज्यात दिवसभर पाण्याचा थेंबही चालत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चार वर्षं मलय सहकाऱ्यांबरोबर काम करून हे ठाऊक नसावं, याची आजही लाज वाटते.

सुनावणी हार्बरफ्रंटजवळच्या एका ऑफिसात होती. समितीत तिघं. त्यातले एन्चिक (मलयमध्ये मिस्टर) रहमान निवृत्त रेफ्री. त्यांनी माझं निवेदन वाचलं आणि चष्मा काढला.

"तुझा रोजा होता?"

"होता, एन्चिक," हाफिझ म्हणाला.

"मग इथे तू पाणी प्यायलास असं लिहिलंय. दोन्हींपैकी खरं काय?"

हाफिझने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"बंदी द्या, सर," तो हळूच म्हणाला. "पण मी रोजा मोडला असं कागदावर नको. घरी वडिलांना काय सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उभा राहिलो. "हे वाक्य माझं आहे. त्याला न विचारता लिहिलं. आमच्याकडे उपवासाला पाणी चालतं. खिचडीसुद्धा."

एन्चिक रहमान हसू दाबत म्हणाले, "खिचडीसुद्धा? मग उपवास कशाचा?"

मी सामन्याचा व्हिडिओ लावायची परवानगी मागितली. त्यात पहिल्या हाफमध्ये हाफिझ बाटली तोंडाला लावतो, गाल फुगवून चूळ भरतो आणि मान खाली घालून पाणी गवतावर सोडतो. तेवढ्यात विंगर मागून धावत येतो आणि त्याच्या बुटांवर शिंतोडे उडतात. त्याआधी दोनदा हाफिझने टचलाइनवर अशीच चूळ टाकलेली दिसते. एन्चिक रहमाननी तो तुकडा तीन वेळा पाहिला.

"गिळलं नाही," ते बाकीच्या दोघांना म्हणाले. "आणि थुंकलाही नाही. चूळ भरली."

सहा सामन्यांची बंदी रद्द झाली. आजूबाजूला न बघता चूळ टाकल्याबद्दल हाफिझला एका सामन्याची बंदी मिळाली. चुकीचं निवेदन दिल्याबद्दल मला लेखी ताकीद.

त्याची शिक्षा पुढच्याच आठवड्यात संपली आणि सीझनअखेर त्याला नवा कॉन्ट्रॅक्टही मिळाला. माझी ताकीद मात्र अजून फाइलमध्ये आहे. आता कुठल्याही खेळाडूचं निवेदन मी त्याला समोर बसवून वाचून दाखवतो आणि मगच मिस्टर लिमकडे पाठवतो. ते अजूनही न वाचताच सही करतात.