मनमिळाऊ नसलेले शफीभाई

आमच्या इंदिरानगरच्या ज्येष्ठ नागरिक संघात कोणी आजारी पडलं की मी भेटायला जाते, आणि मी भेटायला गेले की घरचे घाबरतात. यात माझ्या स्वभावाचा दोष नाही, निदान मी तसं मानत नाही. दोष कामाचा आहे. संघातलं कोणी गेलं की शोकसभेत दोन शब्द मी बोलते. एकदा ऐनवेळी कोणी उठेना म्हणून मी उठले, आणि त्यानंतर मला कोणी बसू दिलं नाही. माझ्या मते याचं कारण माझं वक्तृत्व. संघाच्या सचिव तेजलताईंच्या मते कारण एवढंच, की सगळ्यांच्या तारखा माझ्याकडे असतात.

तारखा असतात हे खरं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी रोजनिशीची सवय लावली, ती अजून सुटलेली नाही. कोणाची नोकरी कुठे झाली, कोणाच्या मुलीचं लग्न कुठल्या हॉलमध्ये झालं आणि तिथला मठ्ठा आंबट होता का, हे सगळं माझ्याकडे शाईत आहे. आमचे मिस्टर म्हणायचे, "तू वर गेलीस की चित्रगुप्त तुझ्याकडून खात्री करून घेईल." मी ते कौतुक समजून त्याच दिवशी लिहून ठेवलं.

मागच्या वर्षी संघातले पुंजाजी बाथरूममध्ये घसरून पाय मोडून घेऊन बसले. मी बिस्किटं घेऊन गेले. त्यांच्या सुनेनं बिस्किटं घेतली आणि "आत ठेवते हं, काकू" म्हणत माझी पर्सही घेतली. पर्समध्ये डायरी होती. निघेपर्यंत ती मला परत मिळाली नाही. पाय मोडल्यानं माणूस मरत नाही, पण मी शेजारी बसून लिहायला लागले तर सांगता येत नाही, असा त्या घराचा अंदाज असावा.

अशा मला तेजलताईंनी जिवंत माणसावर भाषण करायला सांगितलं.

माणूस म्हणजे शफीभाई. मूळचे येवल्याचे. वडील आणि मोठा भाऊ हातमागावर पैठणी विणायचे. शफीभाईंना एका जागी बसवेना, म्हणून ते एसटीत ड्रायव्हर झाले आणि निवृत्त होईपर्यंत नाशिक-येवला गाडी चालवत राहिले. आता बेगम नूरबानोभाभींबरोबर वडाळा रस्त्याला राहतात. संघात ते कशासाठी येतात असं विचाराल, तर भांडायला. पंखा का बंद, खुर्च्या ओल्या का, सहलीच्या ड्रायव्हरनं गाडी तिसऱ्या गिअरवर एवढी का ताणली. मी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचते तेव्हा ते पहिल्या रांगेत बसतात आणि मी श्वास घ्यायला थांबले की म्हणतात, "मॅडम, असं झालं नव्हतं."

तर या शफीभाईंच्या हृदयात अडथळे निघाले. डॉक्टरांनी बायपास सांगितली. त्यांनी कित्येक महिने 'नको'चा हेका धरला. भाभी रडल्या, मुलगा फरहान रागावला, तेव्हा कुठे मोठे उपकार केल्यासारखे हो म्हणाले. मंगळवार ठरला.

तेजलताई म्हणाल्या, "यंदा त्यांना पंच्याहत्तरावं लागलंय. आदल्या शनिवारी सत्कार करू या. माणसाला धीर येईल. पण सांगायचं नाही हं, सरप्राइज आहे. माहिती तुम्ही काढा, भाषण तुमचं."

मी त्याच दिवशी कामाला लागले. आधी विषय ठरवायचा. 'श्रमाची प्रतिष्ठा' लिहिला आणि खोडला. 'हातमाग ते स्टिअरिंग: एक प्रवास' मला फार आवडला. 'सार्वजनिक वाहतूक आणि समाज' यासाठी वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणली, त्यात शफीभाई कुठेच नव्हते. सिस्टर सांगायच्या, विषय रुमालाएवढा घ्यावा, चादरीएवढा घेऊ नये. हे वाक्य मी दरवर्षी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिते. लिहून झालं की पाळल्याचं समाधान मिळतं.

मग मी माहिती काढायला त्यांच्या घरी गेले. सरप्राइज असल्यामुळे कारण सांगायचं नव्हतं. म्हणून सहज आल्यासारखं दाखवत मी डायरी उघडली.

"जन्म येवल्याचाच ना, शफीभाई?"

"हां. का?"

"सहज. आणि आयुष्यात काही करायचं राहून गेलं असं वाटतं का?"

हा माझा नेहमीचा प्रश्न. एरवी तो मी मागे राहिलेल्यांना विचारते. शफीभाईंनी भाभींकडे पाहिलं. भाभी बशीत फरसाण ओतत होत्या, त्या ओततच राहिल्या.

"काय राहणार," शफीभाई म्हणाले. "झालं सगळं."

"छान," मी म्हटलं आणि लिहून घेतलं. "बरं, तुमचा एखादा फोटो मिळेल का? चांगला, समोरून काढलेला. मोठा करता येईल असा."

"नूरबरोबरचा हाय, महाबळेश्वरचा."

"नको, एकट्याचा हवा."

खोलीत शांतता पसरली. मला ती आदराची वाटली. शफीभाई स्वतः उठले, कपाटातून निवृत्तीच्या वेळचा फोटो आणला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हा चालंल का, मॅडम?" मग ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. संघात माझ्यासाठी त्यांनी कधी खुर्चीसुद्धा सरकवली नव्हती. घरी येऊन मी डायरीत लिहिलं: 'शफीभाई आज फार सौजन्याने वागले. माझ्या भेटीने त्यांना बरे वाटले असावे.'

दुसऱ्या दिवशी मी नाशिकच्याच द्वारका चौकात गेले. शफीभाईंच्या गाडीवर वर्षानुवर्षं कंडक्टर असलेले काळू तिथे पुतण्याच्या बॅटरीच्या दुकानात बसलेले असतात. मी नाव सांगून डायरी काढली, तर ते स्टुलावरून उठलेच.

"फोटोवाल्या बाई तुम्हीच का?"

"म्हणजे?"

"शफ्या काल सांजच्याला आलता. हात जोडले माझ्यापुढं. म्हणला, काळू, गाडीवर तुला लय बोललो, माफ कर. मला धडकीच भरली ना! ह्या माणसानं उभ्या जन्मात कुणाची माफी मागितली नाय. म्हणलं, झालं काय? तर म्हणतो, ऑपरेशनला काय जात नाय मी. दवाखान्यात मरण्यापरीस घरी बरं. म्हणलं, मरायचं कोण बोललं तुला? म्हणतो, बोलायला कशाला पाहिजे? डायरीवाली बाई येऊन फोटो घेऊन गेली. एकट्याचा."

काळूंनी मला स्टूल दिलं. मला त्याची गरज होती. धीर द्यायला म्हणून पाठवलेली मी, आणि कित्येक महिन्यांच्या रडण्या-रागावण्यातून मिळवलेला त्या माणसाचा होकार मी फरसाण खाता खाता घालवून आले होते.

मी सत्काराचं खरं सांगितलं. काळू कपाळाला हात लावून एवढे हसले, की पुतण्या बाहेर येऊन बघून गेला.

"पण तुम्ही त्याच्यावर बोलणार काय?" त्यांनी विचारलं.

"त्यांचा मनमिळाऊ स्वभाव..."

"कोणाचा?"

मी डायरीचं पान उलटलं.

"कुसाबाईचं ठाऊक हाय का तुम्हाला? विंचूरला गाडीत बसायची म्हातारी. बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन यायची अन् नेमकी गिअरपाशी ठेवायची. हा म्हणायचा, म्हातारे, गाडी हाय का तुझं माजघर? ती म्हणायची, तुझ्या बापाची हाय का? येवल्यापत्तुर नुसता कालवा. एका बाजाराला म्हातारी स्टॉपवर नाय. मी डबल बेल दिली, तर हा गाडी बंद करून खाली उतरला. पॅसेंजर बोंबलतंय. हा गेला तिच्या घरी. तापानं फणफणलेली. तिथंबी भांडला, की यायचं नव्हतं तर निरोप द्यायचा ना! उचलून आणली, गाडीत घातली अन् येवल्यात दवाखान्यापुढं उतरवली. अन् ती निजल्या निजल्या सबंध रस्ता ह्याला शिव्या घालत होती."

मी रिक्षा करून थेट वडाळा रस्ता गाठला. दार भाभींनी उघडलं. डोळे सुजलेले.

"ताई, कालपासून भांडणाचा एक शब्द नाही," त्या कुजबुजल्या. "काल भाजीत मीठ घालायला विसरले. खाल्ली, आणि 'छान झालीय' म्हणाले. मी मोरीत जाऊन रडले."

शफीभाई खाटेवर बसले होते. "या मॅडम, बसा. पंखा लावू का?" इतक्या गोड बोलण्यानं माझ्याच छातीत धडधडायला लागलं.

मी सगळं सांगून टाकलं. शनिवार, सत्कार, सरप्राइज. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही चांगल्या माणूस हाय," ते म्हणाले.

"अहो खरंच! शाल आहे, श्रीफळ आहे, हार आहे."

"हार तेव्हाबी असतो, मॅडम."

आता पुरावा देणं भाग होतं. पर्समध्ये भाषणाचा मसुदा होता. कालच्या भेटीनंतर मी तो एका बैठकीत उतरवला होता आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता. मी उभी राहून वाचायला लागले. "'शफीभाई म्हणजे एक मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. हसतमुख, शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल. कोणाला कधी वाकडा शब्द...'"

"थांबा." त्यांनी हात वर केला. "हे यादवरावांचं हाय."

"काय?"

"यादवराव गेले तेव्हा हेच बोलला होता तुम्ही. त्याच्या आधी आक्काबाईंना. मी पहिल्या रांगेत होतो. पुढं 'दीपस्तंभ' येतंय ना?"

मी कागदाकडे पाहिलं. दीपस्तंभ पुढच्याच ओळीत होता.

"यादवराव मनमिळाऊ?" शफीभाई खाटेवरून उठले. "जिन्यातल्या दिव्यावरनं शेजाऱ्याला कोर्टात खेचला त्या माणसानं! अन् मी हसतमुख? नूर, ए नूर! मी हसतमुख हाय का?"

"नाही!" भाभी म्हणाल्या. एवढ्या आनंदानं नाही म्हणताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

"ऐका. कधी कुणाला वाकडा शब्द नाय म्हणे! डेपोत जाऊन विचारा. काळूला विचारा!"

"विचारलं. कुसाबाईंचंही कळलं."

"अन् तरी हे वाचता? म्हणजे मी मंगळवारी गेलो तर बुधवारी तुम्ही हेच वाचणार, सगळे माना डोलावणार, अन् 'असं नव्हतं' म्हणायला पहिल्या रांगेत कोण?"

"कोणीच नाही," मी कबूल केलं. "तेव्हा तुम्ही यायला हवं."

"येणारच! हे ऐकून घेण्यापरीस बायपास परवडली."

भाभींनी पदर तोंडावर धरला. "मग मंगळवारचं...?"

"मंगळवारचं काय? ठरलंय ना? ठरलेली गाडी मी कधी रद्द केलीय का? अन् काल भाजीत मीठ नव्हतं!"

घरी येताना मला मिस्टरांची शोकसभा आठवली. तिथेही कोणीतरी त्यांना मनमिळाऊ म्हणालं होतं. ज्यांनी दोनदा परत पाठवल्याशिवाय चहा कधी प्यायला नाही, त्यांना! तेव्हा मला वाटलं होतं, हे दुसऱ्याच कोणा गृहस्थांबद्दल चाललंय. आणि तरी सिस्टरांनी नको म्हटलेली ती चादर मी संघातल्या सगळ्यांना पुरवत होते. सगळ्यांच्या मापाची होती, त्यामुळे कोणाच्याच मापाची नव्हती.

शनिवारी मी फक्त कुसाबाईंच्या पाटीवर बोलले. शफीभाई शाल पांघरून व्यासपीठावर बसले होते. मी 'विंचूर' म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज आला, "मॅडम, असं नव्हतं. विंचूरच्या पुढचा थांबा."

"विंचूरच!" मागून काळू ओरडले.

"तू झोपलेला असायचास, तुला काय ठाऊक?"

"मी झोपलो तर तिकिटं तुझ्या आज्जीनं फाडली का?"

पुढचं भाषण मला करताच आलं नाही. टाळ्या मात्र आजवर कधी पडल्या नव्हत्या एवढ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, त्यामुळे माझ्या वक्तृत्वाला तशी पहिलीच संधी होती, आणि त्या मिळाल्या मी गप्प बसल्यावर.

ऑपरेशन नीट झालं. त्यांना साध्या वॉर्डात आणल्यावर मी भेटायला गेले. डायरी मुद्दाम घरी ठेवली आणि आत शिरताना रिकामे हात दाखवले. शफीभाईंचा चेहरा उतरला होता, आवाजही बारीक झाला होता, पण भाभी म्हणाल्या की सकाळीच चहावरून वॉर्डबॉयशी वाजलंय. आम्ही दोघींनी समाधानानं एकमेकींकडे पाहिलं.

"मॅडम," शफीभाई हळूच म्हणाले, "एक विचारू? सगळ्यांवर तुम्ही बोलता. तुमच्यावर कोण बोलणार?"

"तोबा!" भाभी म्हणाल्या. "काय विचारताय?"

"मी बोलणार. ठरवलंय. मनमिळाऊ म्हणणार नाय, तेवढी काळजी करू नका. फक्त एक फोटो द्या चांगला. समोरून काढलेला."

"एकट्याचा?"

"एकट्याचा."

घरी येऊन मी सगळे अल्बम काढले. लग्नातले, बारशातले, संघाच्या सहलीचे. जवळजवळ प्रत्येक फोटोत माझं तोंड उघडं आहे आणि बोट वर आहे, कोणाची तरी तारीख दुरुस्त करताना. त्यातला सहलीचा एक बाजूला काढून ठेवला. शेजारी शफीभाई उभे आहेत. त्यांचंही तोंड उघडं आहे.