आप्पांच्या गोळ्या आणि माझी दाढी

हा गाढवपणा सांगू की नको? सांगतोच, पण हसताना चहा सांडायचा नाही!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पनवेलला मी ड्रॉइंग मास्तर होतो आणि गणपतीतल्या नाटकात नायिका मीच! बायका स्टेजवर यायला तयार नसत, आणि मी कमरेत बारीक. अडचण एकच, दाढी! दुपारी तासलेली हनुवटी संध्याकाळी पावडरीतून हिरवीगार डोकवायची.

त्याच सुमारास आप्पाकाकांना प्रोस्टेटचा विकार निघाला. घर धास्तावलं. मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं, "पुरुषी हार्मोनवर ही गाठ पोसते. म्हणून बायकी हार्मोनच्या गोळ्या देतो. छाती जरा भरेल, दाढी विरळ होईल. घाबरू नका."

घाबरतोय कोण? मी तर खुर्चीतून पडायचाच बाकी होतो! काका आजारी आणि पुतण्याला गुदगुल्या. लाज वाटायला हवी होती ना? छे!

काकांच्या फळीवरच्या बाटलीतून रोज एक गोळी लांबवायला लागलो. भरलेल्या बाटलीतली एखादी गेली तर काय, अशी मनाची समजूत!

आठवड्यात गाल लोण्यासारखे वाटायला लागले. आवाज गोड! चाल नाजूक!

बायको म्हणाली, "असे वाकडे का चालताय? कंबर धरली का?"

नाटकाच्या दिवशी न्हावी आला. मी ऐटीत म्हटलं, "परत जा. आम्हाला आता गरज नाही!" मेकपवाला कुरकुरला, त्यालाही गप्प केलं.

दुसरा अंक. नायकानं पदर सारून माझ्या गालावर हात फिरवला. "प्रिये, किती मऊ तुझे... आई गं!"

पुढच्या रांगेत उरणची पाहुणेमंडळी. त्यांच्यातला एक ओरडला, "आरं, नवरीला दाढी हाय!"

"आमच्या म्हाताऱ्यापरीस दाट हाय!" दुसरा.

मांडव कोसळायचाच बाकी! पडदा पाडावा लागला.

सकाळी आप्पांचे पाय धरले. "आप्पा, तुमच्या गोळ्या मी खाल्ल्या. तुम्हाला कमी पडल्या असतील तर..."

"कुठल्या बाटलीतल्या?"

"फळीवरच्या."

आप्पा पोट धरून हसायला लागले. दुखणं निघाल्यापासून पहिल्यांदाच! "अरे, त्या अपचनावरच्या, सोडामिंटच्या! डॉक्टरांच्या माझ्या उशाशी असतात."

"म्हणजे मला काहीच गुण आला नाही?"

"आला की! तुझ्या ढेकरांनी घर हादरायचं, ते आठवडाभर शांत आहे. आम्हाला वाटलं, मास्तर शेवटी सुधारला!"