चार्ज कोणाला देऊ?

सुलूआत्या गेल्याचा फोन रूपालीने केला. पूर्व उपनगरातल्या ज्या रुग्णालयात आत्याने सिस्टर म्हणून सगळी नोकरी केली, तिथेच ती शेवटी पेशंट होती. रूपाली तिथली कंत्राटी नर्स. "सिस्टर गेल्या गं... हात माझ्याच हातात होता," एवढंच ती बोलली.

मग मेसेज सुरू झाले. सगळ्यांनी आत्याला 'देवदूत' करून टाकलं. कॉलेजात असताना नर्सच्या मागण्यांचं पत्रक लिहिलं, तेव्हा तो शब्द मीही वापरला होता. मुलुंडच्या घरी बांगडे साफ करता करता तिने ते ऐकलं आणि म्हणाली, "देवदूत काढ गो आधी. देवदूताक रजा लागत नाय, माका लागता. माझे पाय सुजतत."

त्यानंतर वर्षभरात एका सकाळी तिच्या वॉर्डातल्या कंत्राटी मुलींना घरी बसवलं, रूपालीसकट. पेशंटला कुशीवर वळवायचं, पुसायचं ते नातेवाइकांनी करावं, असं वरून फर्मान आलं. लकव्याने पडलेल्या एका आजींची मुलगी दिवसभर मानखुर्दला कामावर असे. आजींची पाठ कोणी बघायची?

नर्सची ड्यूटी घड्याळ बघून संपत नाही. पुढची नर्स येते, खाटेपाशी उभं राहून तिला एकेका पेशंटची हकीकत सांगायची, मगच वॉर्ड सोडायचा. याला चार्ज देणं म्हणतात. त्या दुपारी पुढची नर्स आलीच नाही. आत्या थांबली. रुग्णालयाचे साहेब खाली आले.

"सिस्टर, घरी जा ना. शेजारच्या वॉर्डातली बघेल."

"तिला तिचा वॉर्ड आहे. मी चार्ज कोणाला देऊ? तुम्ही घेता? या, ह्या आजींना कुशीवर घेऊ आधी."

साहेब आल्या पावली गेले. बातमी पसरली तशा बाकीच्या वॉर्डांतल्या सिस्टरही ड्यूटी संपल्यावर जागच्या हलल्या नाहीत. घोषणा नाहीत, इंजेक्शनं वेळेवर. मी डबा घेऊन धावले, विचारलं, "आता मोर्चा काढायचा?" आत्या म्हणाली, "आधी डबो उघड." काम बंद पाडून हक्क मागायचे, हे मी पत्रकांत वाचलेलं. आत्याने काम चालू ठेवून मागितले, आणि दुसऱ्याच दिवशी मुलींना परत बोलावलं गेलं. कायम मात्र केलं नाही... आजतागायत.

परवा आत्याचे कपडे आणायला वॉर्डात गेले. रूपालीची ड्यूटी संपलेली, पुढची नर्स आलेली नव्हती. तिचं कंत्राट पुन्हा संपत आलंय.

"भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना यार."

ती एका पेशंटला वळवू लागली. मी हात लावायला पुढे झाले, तशी ओरडली, "तू नको. हे नर्सचं काम आहे. तू बाहेर बसून लिही."

मी बाकावर बसले. आतून तिचा फोनवरचा आवाज येत होता, अगदी शांत. "माणूस पाठवा, सर. तोवर मी इथेच आहे."