आल्याची तारीख

डिसेंबरातली दुपार होती. शाळेत शिकवून घरी आले तर मार्ताताई जिन्याच्या खालच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसलेल्या. आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या या पोलंडच्या बाई वयाने साठीपलीकडच्या, पण एका जागी बसून राहणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हिसा पाच दिवस वाढवून मिळावा म्हणून त्यांनी ऑनलाइन अर्ज केला होता. त्यावर उत्तर आलं होतं की, तुम्ही ज्या घरी राहता त्या घरमालकाने भरलेल्या सी फॉर्मची प्रत जोडा. असा काही फॉर्म असतो हेच मला ठाऊक नव्हतं. शोधून वाचलं. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने तसं कळवायचं असतं. मार्ताताईंना आमच्याकडे येऊन सत्तावन्न दिवस झाले होते.

यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की आमच्या गल्लीत फॉर्म म्हटलं की लोक माझ्याकडे येतात. माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते, सहीपुरतं शिकलेले. घरातली पहिली पदवीधर मी. रेशनकार्ड असो, मुलांची शिष्यवृत्ती असो, कुणाची पेन्शन असो, कागद माझ्या हातात देऊन माणसं निर्धास्त होतात. त्याचा मला थोडा अभिमानही होता, आता कबूल करते. आणि मार्ताताईंनी तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "टीचर, माझ्यासाठी तुम्हाला काही कागद भरावा लागतो का?" मी हसले होते. म्हटलं होतं, तुम्ही भाडेकरू थोड्याच आहात, तुम्ही पाहुण्या. आमच्यात पाहुण्याची नोंद करत नाहीत. माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, तिनेही चुलीपाशी बसून माझीच री ओढली होती. "पावण्याला कवा आलात, कवा जाणार, असं इचारतात व्हय? लाज न्हाय वाटत?"

मार्ताताई भेटल्या त्या एका लिंगापाशी. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर महाराजांनी शहराभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं. काही देवळात आहेत, काही रस्त्याच्या कडेला, काही कुणाच्या दुकानामागे, घरांच्या अंगणात. शाळेच्या वाटेवर त्यातलं एक लिंग आहे. मी रोज जाता जाता हात जोडायचे आणि पुढे सरकायचे. दिवाळीच्या सुमाराला एक गोऱ्या बाई त्याच्यासमोर जमिनीवर बसून वहीत चित्र काढताना दिसल्या. इंग्रजी बोलणारी कुणी भेटली म्हणून त्यांनी मला थांबवलं आणि प्रश्नांची सरबत्ती केली. हे इथेच का? अडुसष्टच का? नंदी इतका झिजला कसा? तेल कोण घालतं? एकाही प्रश्नाचं धड उत्तर मला देता येईना. शाळेत मी मुलांना सांगते की प्रश्न विचारा. पण ज्याला रोज नमस्कार करते त्याच्याबद्दल मला एकही प्रश्न पडला नव्हता. त्या बाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका होत्या, एका लॉजवर उतरल्या होत्या. आठवड्याभरात मीच त्यांना आग्रह करकरून घरी आणलं.

मग शाळा सुटली की आम्ही दोघी लिंगं शोधत फिरू लागलो. मला माझंच गाव नव्याने कळत होतं. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या बोळात एका आजोबांनी माग थांबवून आम्हाला वाट दाखवली. एके ठिकाणी एका घरातल्या बाईंनी न्हाणीघराशेजारचं दार उघडलं आणि आत, स्वच्छ पुसलेलं, ताजं फूल वाहिलेलं लिंग. अव्वा घरी बसून मार्ताताईंना मराठी शिकवायची, त्यामुळे त्या अव्वासारखंच बोलू लागल्या. अव्वा त्यांना मार्तव्वा म्हणायची. "चल की माझ्यासंगं," असं मार्ताताई रोज म्हणायच्या आणि अव्वा रोज गुडघा दाखवायची. डिसेंबरात आमची एकसष्ट लिंगं झाली होती. सात सापडत नव्हती. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते. पहिल्या दिवशी, भोगीला, उंच नंदीध्वज खांद्यावर घेऊन मानकरी अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि प्रत्येक लिंगाला तेलाचा अभिषेक होतो. त्याला आम्ही यण्णीमज्जन म्हणतो. त्या दिवशी उरलेली सातही दिसतील, या आशेवर मार्ताताई होत्या. पण त्यांचा व्हिसा तीन महिन्यांचा, एकदाच आत येण्याचा, आणि तो यात्रेच्या पाच दिवस आधी संपत होता.

आता पाच दिवसांचं राहिलं बाजूला. फॉर्म भरला नाही ही चूक माझी, पण डाग त्यांच्या नावावर लागला असता. एकदा नोंद खराब झाली की पुढे व्हिसा मिळणं अवघड, असं मी वाचलं होतं. माझ्या आदरातिथ्यामुळे या बाईंना भारताचं दार कायमचं बंद होणार की काय, या विचाराने मला जेवण जाईना. शिवाय पोलिसांत माझं नाव गेलं तर नोकरीचं काय, ही भीती होती, तीही लपवत नाही. अव्वाने तिच्या परीने मार्ग काढला. "डॉक्टरची चिठ्ठी आण की. ताप आलाय म्हणून लिव्ह. आजारी माणसाला कोण हाकलतंय?" मार्ताताई हसून म्हणाल्या, "अव्वा, मी लई धडधाकट हाय." दुसरा मार्ग माझ्याच मनात उगवला आणि तो मी कुणाला सांगितला नाही. फॉर्ममध्ये आल्याची तारीख कालची लिहायची. आधी कुठे होतात असं विचारलं तर म्हणायचं, फिरत होते. मी इतक्या जणांचे फॉर्म भरते. कोणता रकाना कुणी नीट बघत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही निघालो. आधी तळ्यातल्या सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. मी गाभाऱ्यासमोर उभी राहिले, पण काय मागावं ते सुचेना. खोटं खपून जाऊ दे, असं देवापुढे म्हणायला जीभ वळेना. तशीच बाहेर आले. परदेशी लोकांची नोंद जिथे होते त्या पोलीस आयुक्तालयात दुपारनंतर बोलावलं होतं, म्हणून वेळ काढायला नवी पेठेच्या बाजूला गेलो आणि एका बोळात, आधी पाहिलेल्या एका छोट्या लिंगापाशी पायरीवर बसलो. तिथे एक म्हातारी बाई लिंगाला तेल लावत होती. कपाळभर विभूती, हातात तेलाची छोटी किटली. तिने मार्ताताईंकडे बघितलं आणि अव्वा ज्याला बेशरमपणा म्हणते तेच केलं. सरळ विचारलं.

"बाई, कवा आलीस गं हितं?"

मार्ताताईंनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांना आपलं मराठी दाखवायची संधीच मिळाली होती. "सत्तावन्न दिस झालं," त्या म्हणाल्या, मग बोटं मोजून, "न्हाय, अठ्ठावन्न. ह्यांच्याच घरी हाय."

"मग पावणी कशाची? घरचीच की!" असं म्हणून म्हातारीने तेलाचं बोट आधी त्यांच्या आणि मग माझ्या कपाळाला लावलं, किटली उचलली आणि बोळातून निघून गेली.

मी तिथेच बसून राहिले. जी तारीख लपवण्यासाठी मी रात्रभर शब्द जुळवत होते ती या बाईंनी किती आनंदाने सांगितली होती. त्यांच्यासाठी ते दिवस म्हणजे मिळालेलं धन होतं आणि मी ते पुसायला निघाले होते. मी मोबाईल काढला आणि तिथेच, त्या पायरीवर बसून फॉर्म भरला. आल्याची तारीख खरी लिहिली. उशीर का झाला, त्याचा अर्ज साध्या कागदावर हाताने लिहिला. माहिती नव्हती, चूक माझी आहे, पाहुण्यांची नाही. मग म्हटलं, सिद्धरामा, आता पुढचं तू बघ.

आयुक्तालयात परदेशी नागरिकांच्या टेबलाशी एक हवालदार मॅडम होत्या. त्यांनी माझा अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "शिक्षिका ना तुम्ही? आणि अठ्ठावन्न दिवस?" मी मान खाली घातली. "आमच्यात पाहुण्यांची नोंद..." एवढंच बोलू शकले. "माझ्या आईकडंबी असंच हाय," त्या म्हणाल्या आणि संगणकात काहीतरी शोधू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. मार्ताताई ज्या लॉजवर उतरल्या होत्या तिथला फॉर्म होता तो. लॉज सोडल्याची तारीख त्यात होती, आणि पुढे कुठे जाणार या रकान्यात चक्क आमच्या गल्लीचं नाव.

"तारीख जुळतीय म्हणून बरं," मॅडम म्हणाल्या. "लोक हितं येऊन कालची तारीख सांगतात. मग ती चूक राहत न्हाय मॅडम, ती खोटी माहिती ठरती. मग मला काही करता आलं नसतं."

माझा हात कपाळाकडे गेला. तेल अजून ओलं होतं. त्या फॉर्म घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. आम्ही बाकावर बसून राहिलो. परत आल्या तेव्हा अर्जावर शिक्का होता. साहेबांनी उशिरा का होईना नोंद मान्य केली होती, मला लेखी समज मिळाली होती, आणि मार्ताताईंच्या नावावर काहीही लागलं नव्हतं. पाच दिवसांचं मात्र जमणार नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. टुरिस्ट व्हिसा यात्रा बघायची म्हणून वाढत नाही. विमान रद्द झालं, माणूस खरोखर आजारी पडला, तर गोष्ट वेगळी. "आमची अव्वा म्हणते ताप आणा," मार्ताताई बोलून गेल्या. मॅडम खळखळून हसल्या. "अव्वाला सांगा, ह्या खेपेला वेळेत जा, पुढच्या खेपेला वेळेत या. देव कुटं पळून चाललाय?"

मार्ताताई व्हिसा संपायच्या दोन दिवस आधी निघाल्या. स्टेशनवर त्यांनी ती चित्रांची वही माझ्या हातात ठेवली. शेवटची सात पानं कोरी होती. "सात तुमची," एवढंच म्हणाल्या. इतकी वर्षं यात्रेच्या पहिल्या दिवशी मी घरात भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या करण्यात असायचे. नंदीध्वज कोपऱ्यावरून जाताना गच्चीतून हात जोडले की माझी यात्रा होत असे. मला व्हिसा लागत नव्हता, कुणी मुदत घातली नव्हती, आणि तरी मी कधी गेले नव्हते. त्या वर्षी भाकऱ्या पहाटेच उरकल्या आणि वही घेऊन नंदीध्वजांच्या मागे चालू लागले. हर्र बोला हर्रचा गजर, तेलाचा वास, अनवाणी पाय. एकेक करत सातही भेटली. सातवं कुठे असावं? आमच्या पिठाच्या गिरणीच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला. तीस वर्षं मी तिथे दळण ठेवून समोरच्या कट्ट्यावर बसत आले आहे.

मला चित्र काढता येत नाही. वेडीवाकडी काढली, फोटो मार्ताताईंना पाठवले. वाटलं, त्या खूप कौतुक करतील. उत्तर आलं ते असं: "सातव्याची पाणी जायची वाट कुठल्या दिशेला आहे? दिसत नाही." मी चप्पल घालून पुन्हा गिरणीमागे गेले, बघायला.

त्या किटलीवाल्या म्हातारीला मी नंतर शोधलं. बोळातले दुकानदार म्हणाले, तेल घालायला कितीतरी बायका येतात, तुम्ही कुणाला विचारताय? मी पुढे चौकशी केली नाही. ती कोण होती, हे मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की मी देवाकडे पाच दिवस मागायला निघाले होते. ते त्याने दिले नाहीत. त्याऐवजी मला खरं लिहायचं बळ दिलं, मार्ताताईंचा परतीचा रस्ता मोकळा ठेवला आणि मला माझं गाव दिलं. मागताना आपल्याला एकच रकाना दिसतो. बाकीचे तो भरतो, आणि त्याचं अक्षर आपल्याला उशिरा लागतं. त्या हवालदार मॅडमची, त्या लॉजवरच्या अनोळखी कारकुनाची आणि त्या तेलाच्या बोटाची मी ऋणी आहे.

यंदा मार्ताताई परत आल्या, यात्रा धरून व्हिसा घेऊन. त्या वर बॅग ठेवत होत्या तेव्हाच, चहाचं आधण ठेवायच्या आधी मी फॉर्म उघडला. आल्याची तारीख लिहिली. मग कधी जाणार हा रकाना आला आणि मी जिन्यातून विचारलं. वरून उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरातून अव्वाच कडाडली, "अगं, आत्ता कुटं पाय टेकलाय तिनं!" वरून हसत हसत तारीख आली, मी लिहिली. अव्वा हात पुसत बाहेर आली, जिन्याच्या कठड्याला धरून वर बघत थोडी घुटमळली. मग म्हणाली, "मार्तव्वा, त्ये गिरणीमागचं बघाय जाशील तवा मलाबी घेऊन चल. हळूहळू येते की."