दाजींचं उजवं कोपर

आमच्या दाजींइतकी स्वतःच्या कोपराची काळजी घेणारा माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान ढोकीत राहतात, गणित शिकवतात, एक म्हैस पाळतात आणि दर रविवारी डोंगराचा उभा कातळ चढतात. पुण्याला शिकताना हा नाद लागला आणि लग्न, दोन मुली, चष्मा या सगळ्यांतून तो टिकला. खाली दोर मी धरतो. कड्याच्या माथ्यावर जायला मागून चांगली गाडीवाट आहे. दाजी एकदा अर्ध्या कड्यावर बोटांच्या टोकांवर लटकलेले असताना शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं ती त्यांच्या नजरेस आणून दिली. "मास्तर, मागनं वाट हाय की." दाजी वरूनच म्हणाले, "मला वर काय काम न्हाय, मामा." म्हातारा बराच वेळ तिथून हलला नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. आक्कानं निरगुडीचा पाला बांधला, शेजारणीनं एरंडाचं पान सुचवलं, शेवटी धाराशिवच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी कंडरा दुखावल्याचं सांगितलं. चढणं बंद. पाण्यानं भरलेली बाटली मुठीत धरून मनगट सावकाश खाली सोडायचं आणि दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही. गणिताच्या माणसाला आकडा मिळाला. त्यानंतर दाजी वर्गात, एसटीत, लग्नाच्या मांडवात बाटली खालीवर करताना दिसू लागले. एका कंडक्टरनं तर टोपण उघडून वास घेतला. सकाळी चहाच्या आधी घरात आकडा जाहीर होई. "आज अडीच," दाजी म्हणत. "माझी कंबर आठ हाय, लिहा तेबी," आक्का म्हणे. दाजी खरोखरच लिहून ठेवत.

तीन महिने त्यांनी कातळाला हात लावला नाही. आकडा पाचवर गेला. बाईंनी स्पष्ट सांगितलं, असंच राहिलं तर चढणं कायमचं विसरा. दाजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मुलीच्या पाठवणीतही तो तसा झाला नव्हता.

"मुठीला ताण येईल असं काही करता का?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"कायच न्हाय."

"सकाळी उठल्यापासून सांगा."

"उठतो, तोंड धुतो, धार काढतो, अंघोळ—"

"कसली धार?"

"म्हशीची. दोन टायमाला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगायचं? धार काढणं म्हंजी काय काम हाय व्हय?"

तर धार किंवा कडा, एकच काहीतरी ठेवा, असा निकाल लागला. अडचण म्हशीची होती. दाजींखेरीज कुणी कासेला हात लावला की ती पान्हा चोरायची, वर लाथ मारायची. दाजींनी तोडगा काढला. आक्कानं त्यांचा न धुतलेला शर्ट घालून धारेला बसायचं आणि त्यांनी म्हशीच्या तोंडाशी उभं राहून रोजच्यासारखं बोलत राहायचं. पहिल्या दिवशी बादली भिंतीवर गेली. "शर्ट तुमचा, वास तुमचा," आक्का म्हणाली, "लाथ तेवढी माझी." तिसऱ्या आठवड्यात म्हशीनं पान्हा सोडला. पुढं शर्टाची गरज उरली नाही, नंतर दाजींचीही.

कोपर हळूहळू निवळलं. या हिवाळ्यात, दुखण्याआधी दोन वर्षं जिथून ते परत फिरत होते ती जागा दाजींनी पार केली. माथ्याच्या कडेला हात टेकवला आणि लगेच उतरले. मी अभिनंदन केलं. त्यांनी मान हलवली, दोर गुंडाळला. मोटारसायकलवरून आम्ही ढोकीकडे निघालो.

"पाव्हणं," तेरचा फाटा मागं पडल्यावर ते म्हणाले, "आता तुमच्या आक्काचं पाऊल वाजलं की म्हस रेकती. मी गेलो तर मान बी वर करत न्हाय."

"मग बरंच झालं की, दाजी."

"बरंच झालं," ते म्हणाले. "धारेच्या टायमाला मी जाऊन हुबा राहतो तिथं. काम काय न्हाय. उगं आपलं."